ग्रेटफुल डेड, सहाशे कॅसेटी आणि एक वही

ओसरीवरून (धागाकर्ता)

मंडळी,

गेल्या वर्षी माझा एक जुना सहकारी वारला. मी १९९४ साली कॅलिफोर्नियात आलो तेव्हा तो शेजारच्या टेबलावर बसायचा. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्याने मला ओढून ओकलंडच्या कोलिझियममध्ये ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या कार्यक्रमाला नेलं. रॉक म्हणजे मोठा आवाज, एवढंच मला तोवर ठाऊक होतं. सगळं कळलं असं म्हणणार नाही. पण दुसऱ्या सत्रात एका गाण्यातून ते दुसऱ्यात कधी शिरले याचा पत्ताच लागला नाही. विलंबित संपून द्रुत सुरू झाल्याचं आपल्याला चार आवर्तनं उलटल्यावर जाणवतं ना, तसंच. मी पुण्यात मैफिली ऐकत वाढलेला माणूस. मला तिथे परकं वाटेनासं झालं.

पंधरा दिवसांनी त्याने माझ्या टेबलावर दोन कॅसेटी ठेवल्या. तीच रात्र होती! आमच्या मागे कुठेतरी एक जण सतत शिट्ट्या मारत होता, त्या शिट्ट्यासुद्धा होत्या. त्याच वर्षी ९ ऑगस्टला त्यांचा गिटारवादक आणि गायक जेरी गार्सिया गेला आणि बँड थांबला. माझ्या वाट्याला ती एकच रात्र आली. पण ती अजून माझ्याकडे आहे.

आता त्याच्या बायकोने त्याचा सगळा संग्रह माझ्या हवाली केलाय. बुटांच्या खोक्यांत सहाशेच्या वर कॅसेटी, आणि सोबत एक जाडजूड वही. खरं तर या वहीसाठीच हा धागा काढलाय. तिच्यात प्रत्येक कॅसेटची नोंद आहे: तारीख, गाव, सभागृह, ध्वनिमुद्रण प्रेक्षकांतून केलेलं की मिक्सरवरून (मंचावरचे सगळे आवाज जुळवणाऱ्या यंत्रावरून) थेट घेतलेलं, ही प्रत कुणाकडून आली, त्याला कुणाकडून मिळाली होती, मूळ टेपेपासून ही कितवी पिढी, कोणत्या डेकवर उतरवली, डॉल्बी (टेपेची सरसर कमी करणारी डेकमधली सोय) चालू होतं की बंद, कुठल्या गाण्यात बाजू पालटली आणि किती सेकंद गेले. वंशावळच म्हणा ना!

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत यांनी सुमारे २३०० कार्यक्रम केले. गाण्यांची यादी रोज वेगळी, आणि तेच गाणं एका रात्री सहा मिनिटं तर दुसऱ्या रात्री पंचवीस. स्टुडिओत केलेल्या तबकड्या ऐकून हा बँड कळत नाही. तो त्या त्या रात्रीच कळतो. म्हणून लोक मायक्रोफोन घेऊन जाऊ लागले. १९७१ साली न्यूयॉर्कच्या लेस किपेलने फुकट टेपा अदलाबदलीचं मंडळ काढलं. १९७४ मध्ये त्यातूनच एक छोटं पत्रक निघालं, आणि आज ‘रेलिक्स’ म्हणून ओळखलं जातं ते मासिक म्हणजे त्याच पत्रकाचं पुढचं रूप. सुरुवातीला हे सगळं चोरून चाले. मायक्रोफोन कोटाच्या बाहीत, डेक पिशवीच्या तळाशी. बँडच्या कामगारांनी तारा कापल्याच्या आठवणीही जुनी मंडळी सांगतात. पण खुद्द गार्सियाचं मत असं की आमचं वाजवून झालं की ते ऐकणाऱ्यांचं. आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये, बर्कलीच्या कम्युनिटी थिएटरपासून, बँडने ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी वेगळी तिकिटं आणि मिक्सरच्या मागे वेगळी जागाच ठेवली. तिथे मायक्रोफोनच्या दांड्यांचं रान उभं राहायचं.

अट एकच होती: पैसे घ्यायचे नाहीत. तुमच्याकडे बदल्यात द्यायला टेप नसेल तर कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा, समोरचा तुम्हाला भरून परत पाठवायचा. वहीत अशा कितीतरी नोंदी आहेत. अनोळखी माणसाला, केवळ पत्र आलं म्हणून, नव्वद मिनिटांच्या दोन-दोन, तीन-तीन कॅसेटी भरून दिलेल्या. त्या काळी प्रत काढायची म्हणजे तेवढाच वेळ डेकपाशी बसणं आलं.

मी यातल्या कॅसेटी संगणकावर उतरवायला घेतल्या आहेत. आतापर्यंत १४० झाल्या. बहुतेक सगळं इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन संग्रहावर आधीपासून आहेच, पण ते ‘बहुतेक’ पुरेसं नाही. १९८२ मधल्या एका रात्रीची तिथली प्रत मधेच तुटते. बाजू पालटताना गेलेली जवळपास चाळीस सेकंदं माझ्या प्रतीत सलग आहेत, कारण हे ध्वनिमुद्रण दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या खुर्चीवरून केलं होतं आणि त्याने बाजू दहा मिनिटं आधी पालटली होती. हे मला कानाने कळलं नसतं. वहीत लिहिलेलं होतं, म्हणून मी शोधायला गेलो.

तुमच्यापैकी कुणाकडे कसल्याही प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या टेपा असतील तर इथे लिहा. उतरवताना काय काय अडतं तेही बोलू.

---

तिसरी_घंटा

सुरेख धागा. वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न: बँडची परवानगी होती हे कळलं, पण आज इंटरनेटवर सगळ्या जगाला वाटणं म्हणजे चाचेगिरी नाही का? बँड स्वतःही जुन्या कार्यक्रमांच्या सीडी विकतो ना?

---

ओसरीवरून

भाबडा अजिबात नाही. यावरून मोठं वादळ झालेलं आहे.

इंटरनेट आर्काइव्हने २००२ मध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमांचा विभाग सुरू केला तो ‘ईट्री’ नावाच्या रसिकांच्या गटाला सोबत घेऊन. तिथला पहिला नियम असा की ज्या बँडने परवानगी दिली आहे त्याचंच ठेवायचं. डेडचे हजारो कार्यक्रम तिथे आले. मग २००५ च्या नोव्हेंबरात एके दिवशी त्यांचे सगळे कार्यक्रम उतरवून घेण्याची सोय बंद झाली, आणि तीही बँडच्या बाजूने आलेल्या सांगण्यावरून. रसिक खवळले. जॉन पेरी बार्लो हा त्यांचा गीतकार, तोच उघडपणे विरोधात बोलला. बासवादक फिल लेशने कळवलं की हे मला विचारून झालेलं नाही. थोड्याच दिवसांत मधला मार्ग निघाला, तो आजतागायत चालू आहे: प्रेक्षकांतून केलेली ध्वनिमुद्रणं कुणीही उतरवून घ्यावीत, मिक्सरवरून घेतलेली तिथेच ऐकावीत.

मला हा तोडगा न्याय्य वाटतो. मिक्सरची टेप बँडच्या माणसांनी बँडच्या यंत्रांवर केलेली. प्रेक्षकांतली टेप रसिकाने तिकीट काढून, स्वतःची बॅटरी वाहून नेऊन केलेली. आणि विक्रीचं म्हणाल तर, बँडच्या टेपांच्या कोठाराचा रखवालदार डिक लाटव्हाला मुळात आपल्यासारखाच टेपा जमवणारा. त्याच्या नावाने निवडक रात्रींची मालिका १९९३ पासून निघू लागली आणि ३६ भागांपर्यंत गेली. कुठल्या रात्री उत्तम होत्या हे लोकांना आधीच माहीत होतं, कारण टेपा घरोघरी पोचल्या होत्या. फुकट वाटल्याने विक्री बुडाली नाही. गिऱ्हाईक तिथूनच तयार झालं.

टेप विकणारा माणूस मात्र आमच्यात कायमचा वाळीत. वहीत एका नावावर लाल काट मारून ‘याने पैसे मागितले’ एवढंच लिहिलंय.

---

जुना_रेडिओ

मी आयुष्यभर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत नोकरी केली, आता निवृत्त आहे. कोकणात राहतो. टेपेचा दमटपणाशी छत्तीसचा आकडा आहे, म्हणून काही गोष्टी सांगून ठेवतो.

कॅसेटवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट डेकमध्ये मुळीच घालायची नाही, नाहीतर हेडला लागून पुढच्या दहा कॅसेटींना लागण होते. आधी कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात आठवडाभर ठेवा. बुरशी झाडताना तोंडाला फडकं बांधा.

वाजवण्यापूर्वी टेप एकदा पुढे, एकदा मागे, पूर्ण गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेली टेप थरांत चिकटलेली असते. पट्टीमागचा नमद्याचा छोटा तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबतो आणि डळमळतो. टेप खराब नसते, तुकडाच गेलेला असतो. दुसऱ्या कॅसेटचं कवच काढून त्यात ही टेप बसवा.

सगळ्यांत महत्त्वाचं हेडच्या तिरपेपणाचं, म्हणजे अझिमथचं. ज्या डेकवर कॅसेट भरली त्याचं हेड किंचित कललेलं असेल आणि तुमचं सरळ असेल, तर झांजा, तंबोऱ्याची जवारी, स, श ही अक्षरं, सगळं मेणचट ऐकू येतं. लोक म्हणतात टेप जुनी झाली. छे! दोन्ही चॅनल एकत्र करून ऐका आणि हेडचा स्क्रू केसभर फिरवत जा. एका जागी झांज लख्ख उघडते, तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावं लागतं. माझ्या नोकरीत जे लोक हे करायला कंटाळले त्यांनी चांगल्या टेपांची वाईट रूपं कायमची करून ठेवली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि कुणीतरी सांगतं ‘टेप भट्टीत शेकायची असते’, ते कॅसेटींना लावू नका. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून काही कंपन्यांच्या रिळांत चिकटद्रव्य हवेतलं पाणी शोषून घेतं आणि वाजवताना टेप हेडला चिकटून किंचाळते. ती रिळं साधारण ५४ अंश सेल्सिअसला काही तास ठेवली की थोडे दिवस वाजतात. ते काम यंत्रावर, जाणत्या माणसाने करायचं. घरच्या ओव्हनात नाही.

---

ओसरीवरून

दंडवत, काका. अझिमथचं तुम्ही म्हणता ते मी चाळीस कॅसेटी उतरवल्यावर शिकलो. त्या चाळीस परत करतोय.

डॉल्बीबद्दल एक भर घालतो. टेपा देवघेव करणाऱ्यांचा रिवाज डॉल्बी बंद ठेवायचा होता, कारण प्रत्येक डेकचं डॉल्बी थोडं वेगळं. दोन पिढ्यांत सगळा चिखल. सरसर चालेल, पण झांजेची धार जाता कामा नये, असा हिशोब. वहीत डॉल्बीचा रकाना म्हणूनच आहे.

---

नवा_कान

मी विशीतला आहे, कॅसेट हातात धरलेली नाही. पण एक सुचवू का? आता आवाज साफ करणारी एवढी साधनं आहेत. सरसर काढून टाका, टाळ्या-शिट्ट्या काढा, गायकाचा आवाज पुढे आणा, आणि एमपीथ्री करून टाका. फाइल लहान, ऐकायला छान. तीस वर्षांपूर्वीचा नियम आज का पाळायचा?

---

ओसरीवरून

तुमच्या फोनवर तुम्ही हवं तसं ऐका, मीही गाडीत तसंच ऐकतो. पण संग्रहात जाणारी प्रत वेगळी.

आपल्याकडे पोथ्या उतरवणारे शेवटी एक श्लोक लिहीत:

यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया।
यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते॥

जशी पोथी पाहिली तशी लिहिली, शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊ नये. माझ्या आजोळच्या पोथ्यांवर हा श्लोक आहे आणि लहानपणी मला तो अंग काढून घेणाऱ्या माणसाचा वाटे. आता वाटतं, यापेक्षा जबाबदारीचं वाक्य नाही. समोर जे आहे त्यात मी माझी अक्कल घातलेली नाही, असं तो लिहून देतोय. पुढच्याला खात्री असते की चूक दिसली तर ती मूळ पोथीतली, मधल्या हाताची नव्हे.

टेपेचंही तेच. आज तुम्ही सरसर काढाल, तिच्याबरोबर झांजेची शेपटीही जाईल. दहा वर्षांनी यापेक्षा चांगलं साधन येईल, पण त्याला देण्यासाठी मूळ उरलेलं नसेल. म्हणून जशी आहे तशी, २४ बिटांत, एकही कण न गमावता फ्लॅकमध्ये ठेवायची. १९९८ मध्ये ईट्री सुरू झालं तेव्हा फ्लॅक नव्हतं, शॉर्टन हा तसाच, काही न गमावणारा जुना प्रकार होता. त्या डायल-अपच्या जमान्यातही त्यांनी, आवाजातला काही भाग टाकून फाइल लहान करणाऱ्या एमपीथ्रीला दार बंद ठेवलं. फाइल उतरायला रात्र रात्र लागे, पण नियम मोडला नाही. ब्रॅम कोहेनने फाइली वाटण्याचं बिटटोरेंट नवीन बनवलं तेव्हा ते सुरुवातीला मनापासून वापरणाऱ्यांत हीच मंडळी होती, कारण एवढ्या मोठ्या फाइली एकाच्या खांद्यावर न टाकता सगळ्यांनी मिळून वाहण्याची यांना खरीच गरज होती.

आणि प्रत्येक फाइलीसोबत तिचा एमडी५ ठसा. अंगठ्याच्या ठशासारखा. एक बिट जरी बदलला तरी ठसा जुळत नाही. शेकडो हातांतून गेलेली फाइल तीच आहे की नाही ते क्षणात कळतं. कॅसेटच्या काळात ही सोय नव्हती, तिथे फक्त माणसाचा शब्द होता.

टाळ्या-शिट्ट्यांचं तर सोडाच. मघाशी ज्या शिट्ट्या सांगितल्या ना, त्यांच्यामुळेच ती टेप त्या रात्रीची आहे.

---

नवा_कान

श्लोक माहीत नव्हता. पटलं. मग पिढ्यांचं नीट समजवाल का? मूळ टेप, पहिली प्रत वगैरे.

---

ओसरीवरून

मूळ टेप म्हणजे सभागृहात फिरली ती. तिच्यावरून थेट उतरवली ती पहिली पिढी, तिच्यावरून दुसरी. प्रत्येक पिढीला थोडी सरसर वाढते आणि वेग किंचित बदलतो. पाचव्या पिढीला गिटार पाव सूर चढलेली सापडते. म्हणून देवघेव करणाऱ्यांनी ‘झाड’ नावाची युक्ती काढली. मूळवाला चार-पाच फांद्यांना देणार, प्रत्येक फांदी पुढच्या चार-पाच डहाळ्यांना, प्रत्येक डहाळी चार-पाच पानांना. शंभर माणसांना टेप मिळते आणि कुणाचीच प्रत तिसऱ्या पिढीच्या पुढे जात नाही. सीडी आल्यावर ‘वेल’ आली: एकच संच टपालाने घरोघर फिरायचा, ज्याने त्याने प्रत काढून पुढे पाठवायचा.

सीडीतही एक खोड होती. सीडीवर एका सेकंदाचे ७५ तुकडे असतात. गाण्याची काप त्या तुकड्याच्या मधोमध पडली तर लिहिणारं यंत्र उरलेली जागा शांततेने भरतं, आणि दोन गाण्यांच्या सांध्यावर ‘टक्’ ऐकू येतं. ज्या बँडची गाणी एकमेकांत मिसळतात त्याच्या बाबतीत हे अगदी वर्मी लागतं.

नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटं. यांचं दुसरं सत्र त्याहून बरंच लांब आणि सलग. सराईत माणूस मधल्या ढोलांच्या भागात बाजू पालटायचा, नवखा ऐन रंगात आलेल्या गिटारीत. वहीत मित्राने स्वतःच्या पहिल्या टेपेपुढे लिहिलंय, ‘पालटायला उशीर, २२ सेकंद गेली’. ते त्याने चाळीस वर्षं पुसलं नाही.

---

तंबोरा_आणि_पाऊस

ढोलांवरून आठवलं. मिकी हार्ट हा यांचा तालवादक अल्लारखाँसाहेबांकडे शिकला होता. झाकीरभाईंसोबत त्याने १९७६ मध्ये ‘दिगा’ ही तबकडी केली आणि पुढे १९९१ चा ‘प्लॅनेट ड्रम’. त्या ‘दिगा’तल्या एका लयीवरूनच डेडचं ‘फायर ऑन द माउंटन’ हे गाणं उभं राहिलं. म्हणजे माहीमच्या तबल्याचा एक अंश त्या कॅसेटींतही आहे. झाकीरभाई डिसेंबर २०२४ मध्ये तुमच्याच भागात, सॅन फ्रान्सिस्कोत गेले. अजून लिहवत नाही.

मूळ मुद्दा वेगळाच आहे. तुमची वही वाचून मला आपल्याकडच्या मैफिलींच्या टेपा आठवल्या आणि पोटात कालवलं. माझ्या काकांकडे खासगी बैठकींच्या रिळांचं कपाट होतं. दिवाणखान्यात पंचवीस माणसं, पहाटेपर्यंत चाललेलं गाणं. काका ती कुणाला ऐकवत, पण प्रत देत नसत. ‘माझ्याकडे नसलेलं काही आण, मग देतो.’ तसं सगळेच करत. ते गेल्यावर कपाट उघडलं तर निम्म्या डब्यांवर फक्त रागाचं नाव होतं. कोण गातंय, कुठल्या साली, कुणाच्या घरी, साथीला कोण, काही नाही. गाणाऱ्याचा आवाज आम्ही ओळखला, पण तबला कुणाचा हे आज सांगू शकणारं कुणी उरलेलं नाही.

भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले आणि त्यांचा आवाज मागे उरला नाही, याची हळहळ आपण शंभर वर्षं करतोय. तेव्हा साधनं नव्हती असं तरी म्हणता येतं. आमच्या कपाटाबाबत काय म्हणणार?

---

ओसरीवरून

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

कलाकाराची बाजूही आहेच. केसरबाई केरकरांना आपलं गाणं कुणी उतरवून घ्यावं हे रुचत नसे आणि तो त्यांचा हक्कच होता. तरी त्यांची भैरवी ‘जात कहाँ हो’ १९७७ साली व्हॉयेजरच्या सोनेरी तबकडीवर चढून सूर्यमालेबाहेर निघाली. त्याच वर्षी ८ मे रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये डेडने जो कार्यक्रम केला त्याची कथा तुमच्या कपाटाशी थेट जुळते, म्हणून लिहितो.

तो कार्यक्रम बँडची ध्वनिमुद्रक बेट्टी कँटर-जॅक्सनने रिळांवर घेतला होता. पुढे तिची रिळं एका भाड्याच्या गोदामात पडून होती. भाडं थकलं आणि १९८६ मध्ये गोदामातल्या वस्तूंचा लिलाव झाला. जिने ही ध्वनिमुद्रणं केली तिच्या हातून ती अशी गेली! घेणारे वेगवेगळे. काही रिळं पाण्याने, बुरशीने खराब झाली. पण एका घेणाऱ्याची रिळं रसिकांनी खटपट करून डिजिटल टेपेवर उतरवली आणि देवघेवीत सोडली. कॉर्नेलची रात्र त्यामुळे घरोघरी गेली. लोकांनी एवढी ऐकली की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१२ मध्ये तिला राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतलं. तोवर बँडच्या स्वतःच्या कोठारात मूळ रिळं नव्हती! ती परत आली आणि मे २०१७ मध्ये ही रात्र अधिकृतपणे निघाली. मधली तीस वर्षं तिला रसिकांच्या कॅसेटींनी सांभाळलं.

तुमच्या काकांच्या रिळांचं अजून काही करता येईल. उरलेली मंडळी, साथीदारांची मुलं, यजमान घराण्यातलं कुणी, यांना एक-एक तुकडा ऐकवा. तबलजी ओळखणारा कान कुठेतरी असेल. आणि प्रत्येक अंदाजापुढे ‘अंदाज’ असंच लिहा, कुणी सांगितलं तेही लिहा.

---

तंबोरा_आणि_पाऊस

दिवाळीत पुण्याला जाणार आहे. कपाट माझ्या बहिणीकडे आहे. ही यादी घेऊन जाते.

---

धोबीतलाव

इतके दिवस वाचतोय, आज लिहितो. माझ्याकडे चार कॅसेटी आहेत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही कॉलेजातली पोरं रंगभवनात कार्यक्रमांना जायचो. उघडं सभागृह, पाठीमागे झेवियर्स, समोर मुंबईचे बँड. रॉक मशीन, म्हणजे पुढचं इंडस क्रीड, तिथेच पहिल्यांदा ऐकलं. भावाने दुबईहून आणलेला टेपरेकॉर्डर मी मांडीवर ठेवून बसायचो. गाणी निम्मी दुसऱ्यांची, निम्मी त्यांची स्वतःची. आता रंगभवनात तसे कार्यक्रमच होत नाहीत, तो आवाजाचा मुद्दा झाला तेव्हापासून. या चार कॅसेटींत बहुतेक आरडाओरडाच असेल. याला काही किंमत आहे का? आणि थेट वर चढवून टाकू का?

---

जुना_रेडिओ

किंमत नंतर ठरवा. आधी उतरवून घ्या. यंदाच्या पावसाच्या आत.

---

ओसरीवरून

काका म्हणतात तेच. डेडच्या एकेका रात्रीची सात-आठ ध्वनिमुद्रणं उरली आहेत. रंगभवनातल्या तुमच्या रात्रीचं कदाचित हे एकच असेल. आरडाओरडा असू द्या. ते उघडं सभागृह कसं घुमायचं, मागून गाड्या ऐकू यायच्या का, लोक कुठल्या गाण्यावर उठायचे, हे दुसरं कोण सांगणार?

चढवण्याआधी मात्र थांबा. डेडने परवानगी दिली होती. या बँडांनी तुम्हाला दिलेली नाही. आपल्या कायद्यातही १९९४ च्या दुरुस्तीपासून सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आहे. यांपैकी बरेच वादक आजही मुंबईत आहेत, वाजवतात. त्यांना शोधा, प्रत द्या, मग विचारा. माझा अनुभव असा की तरुणपणीचा आपलाच आवाज हातात आला की माणूस बहुधा नाही म्हणत नाही. म्हणाला तर तो शब्द पाळायचा, पण कॅसेट आणि उतरवलेली प्रत जपून ठेवायची.

आणि आजच, उतरवण्याच्याही आधी, प्रत्येक कॅसेटसाठी कागदावर आठवेल ते लिहा. त्यातलं काहीही नंतर आठवणार नाही.

---

धोबीतलाव

लिहिलं. पहिल्या कॅसेटचं इथे टाकतो, बघून सांगा.

कार्यक्रम: रंगभवन, मुंबई. साल: १९८८ किंवा १९८९, अंदाज. बारावीचा निकाल लागला होता, एवढं नक्की. महिना: पाऊस संपत आलेला, खुर्च्या ओल्या होत्या. बँड: पहिल्या बाजूला दोन, पहिल्याचं नाव माहीत नाही. ध्वनिमुद्रण: प्रेक्षकांतून, डावीकडे, साधारण पंधरावी रांग, टेपरेकॉर्डरच्या आतल्याच मायक्रोफोनवर. प्रत: मूळ. दुसरी प्रत कधी काढलेली नाही. डॉल्बी: त्या यंत्राला नव्हतं. तूट: दुसऱ्या बाजूच्या शेवटी बॅटरी उतरली, सूर चढत जातो. जवळ बोलतोय तो माझा मित्र, तो आता नाही.

---

ओसरीवरून

‘माहीत नाही’ जिथे लिहिलंत ते तसंच राहू द्या, कुणी सांगेपर्यंत भरू नका. मित्राचा आवाज काढू नका.

आणि कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या चिपा असतात, त्या तोडल्यात का? नसतील तर आता उठून तोडा, म्हणजे चुकूनही वरून काही भरलं जाणार नाही.

---

धोबीतलाव

चारही कॅसेटींच्या तोडल्या.